खाल्लं म्हणायचं नाही

११ मे १९७०, बोद्रुम

आज सकाळी काद्री गेला. रिफ्की कप्तानच्या नावेवर, स्पंज काढायला, तो आता थेट शरदात परत. मधे कधी पाणबुड्यांना हवा पुरवणारा कंप्रेसर बिघडला तर एखादा दिवस येईल, एरवी नाही. धक्क्यावर बायकांनी नावेमागे पाणी ओतलं, "पाण्यासारखा जा, पाण्यासारखा ये" म्हणत. मी घागर उलटी केली ती निम्मी माझ्याच पायांवर. शेजारची मुर्वेतताई म्हणाली, "बाई, नवऱ्याला पाठवते आहेस की स्वतःच वाहून जातेस?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

घरी आल्यावर सासूबाईंनी दार लावून घेतलं आणि मला समोर बसवलं. मुलगी बघायला आल्या होत्या तेव्हाही त्या इतक्या गंभीर नव्हत्या.

"सूनबाई, आता नाव परत येईपर्यंत या घरात एक शब्द काढायचा नाही."

"कोणता, आई?"

त्यांनी बोटं तोंडापाशी नेली आणि नुसता जबडा हलवला. मला वाटलं, दाढ दुखते आहे.

खिडकीपाशी सासरे बसले होते. ते म्हणाले, "खाणं, पोरी. खाणं म्हणायचंय तिला."

अशुभ टळावं म्हणून सासूबाईंनी स्वतःच्या कानाची पाळी ओढली आणि टेबलावर तीनदा ठकठक केलं. "याला काय! याचं होऊन गेलंय," म्हणाल्या.

पाणबुड्या खोलातून घाईने वर आला की अंगात हवा अडकते. सांधे जातात, पाय जातात, कधी माणूसच जातो. त्याला इथे वुर्गुन म्हणतात, म्हणजे फटका. पण हा फटका बसत नाही की लागत नाही, आमच्या भाषेत तो खातात. अमक्याने वुर्गुन खाल्ला, तमक्याने खाल्ला. सासऱ्यांनी, म्हणजे हिल्मीबाबांनी, काद्री शाळेत असताना खाल्ला. तेव्हापासून कमरेखाली काही नाही.

म्हणून शब्दच बंद. शिवाय 'येदी' म्हणजे खाल्लं, आणि येदी म्हणजेच सात. त्यामुळे सातही बंद. मी विचारलं, सहा मोजून झाले की पुढे काय म्हणू? म्हणाल्या, "सहावर एक."

मी डोंगराकडची, द्राक्षांच्या गावची, बडबड्या घरातली. मला गप्प राहायला सांगा, राहीन. पण बोलायचं आणि त्यात खायचं नाही, हे जमायचं कसं? म्हणून ही वही काढली. इथे कोणी कान ओढत नाही. इथे मी पोटभर खाणार.

१६ मे

आपण किती खातो हे मला आजवर माहीत नव्हतं. मार खातो, दंड खातो, बोलणी खातो. एकजण पैसे खातो, दुसरा हक्क खातो. काळजीने माणूस स्वतःलाच खातो. काल रेडिओवर फुटबॉल लागलं होतं. निवेदक ओरडला की इझमीरने तिसरा गोल खाल्ला, तशा सासूबाई उठल्या आणि रेडिओ बंद केला. बाबा चिडले. "अगं, इझमीरने खाल्ला, काद्रीने नाही!" सासूबाईंनी त्यांच्या तोंडासमोर हात हलवला, माशी हाकलावी तसा.

किराणावाल्याला सवय झालेली दिसते. "सहा अंडी आणि वर एक," असं मी म्हणताच त्याने निमूट मोजून दिली आणि म्हणाला, "फित्नातबाईंची सून ना?"

जेवायच्या वेळी तर गंमतच. आमच्याकडे जेवणाचं नावच खाणं. ते म्हणायचं नाही. मग सासूबाई म्हणतात, "दोन घास घे," "पोटाला आधार दे," "ताटावर बस." बाबा ताटावर बसवले जातात आणि मुद्दाम विचारतात, "आता मी याचं काय करू?"

३ जून

मुर्वेतताईकडून कळलं. तिच्या पोटात काही राहत नाही, आणि मी काही थांबवलं नाही.

बाबा शेवटच्या फेरीला निघाले त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. कशावरून ते आता कोणालाच आठवत नाही. ते दारात उभे राहून म्हणाले, भूक लागली आहे, काहीतरी दे. सासूबाई म्हणाल्या, "विष खा." इथे प्रत्येक बाई प्रत्येक नवऱ्याला महिन्यातून एकदा हे म्हणते. पण त्याच फेरीत बाबांनी खाल्लं. विष नाही, वुर्गुन.

मी दुपारी बाबांची पाठ पुसत होते तेव्हा विचारून टाकलं. ते म्हणाले, "तिच्या शिवीने कोणी मेला असता तर हा मोहल्ला कधीच ओस पडला असता. मी घाईने वर आलो, पोरी. वर लवकर यायचं नसतं, मी आलो. एवढंच."

"मग हे तुम्ही आईंना का सांगत नाही?"

"सांगितलं. तिला ते पटत नाही. तिला स्वतःचा दोष आवडतो. दोष असला की उपायही असतो."

मला हे नीट कळलं नाही, पण लिहून ठेवते.

२२ जून

करातोप्राकच्या एका नावेवरचा माणूस गेला. वर काढला तेव्हा बोलत होता म्हणे. पाणी मागितलं आणि मग गेला. तीन मुलं आहेत.

सासूबाई सांत्वनाला जाऊन आल्या, डोक्यावरची चादर सोडली, घडी घातली आणि म्हणाल्या, "त्या घरात तो शब्द बोलत असतात. मी स्वतः ऐकलंय."

मला राग आला. मेलेल्या माणसाच्या घरावर खापर फोडायचं? पण नंतर जर्दाळू वाळत घालताना मी मोजायला लागले आणि सहापाशी आपोआप थांबले. घरात कोणी नव्हतं. तरी थांबले.

९ जुलै

काद्री आला! कंप्रेसरची झडप तुटली, म्हणून अख्खी नाव दोन दिवसांसाठी आली. मी पिठाच्या हातांनी धक्क्यावर पळाले.

कशाला पळाले असं झालंय. माणूस आला आहे की पाहुणा? सावकाश उतरला, सावकाश घरी आला. मी त्याच्यासाठी छतावर गादी घातली होती, तिथे वारा छान लागतो, समोर किल्ला दिसतो. वर चल म्हटलं. म्हणाला, "इथेच बरं आहे." मी तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा ओरडला, "सेनिहा, डोकं नको उठवूस!" आणि बाबांच्या खोलीतच चटईवर आडवा झाला. लग्न झाल्यापासून तो कधी माझ्यावर ओरडला नव्हता.

संध्याकाळी चहाचा पेला त्याच्या हातातून निसटला. सासूबाई म्हणाल्या, "फुटला ते बरं, नजर गेली." तो सारखी बरगडी आणि खांदा खाजवत होता. डास म्हणाला. मी लिंबू चोळू का विचारलं तर हात बाजूला केला.

मी अगदी लाडाने विचारलं, "समुद्रावर माझी आठवण येते का?" तर म्हणतो कसा, "खरं सांगू? पाण्यात बरं वाटतं. जमिनीवर आलो की सगळं अंग ठणकतं."

म्हणजे मी जमीन. वा. दाच्याच्या किनाऱ्यावर नावा थांबतात, तिथे बायका असतात हे मला मुर्वेतताईनेच सांगितलंय. काय ते मी समजायचं ते समजले.

१० जुलै

गेला. जाताना माझ्या कपाळाला ओठ टेकवले आणि म्हणाला, "रागावू नकोस. या वर्षीची मोठी फळं खूप खाली आहेत, मन तिथेच असतं." स्पंजांना तो फळं म्हणतो. पूर्वी मला ते गोड वाटायचं.

बाबांनी त्याला निघताना जवळ बोलावलं. "खाज कुठे येते?" विचारलं. तो म्हणाला, "डास आहेत बाबा." बाबांनी परत विचारलं, "पायाला?" तो हसला आणि उठला. त्यानंतर बाबांनी ताटातला मासा तसाच ठेवला. मी म्हटलं, काटे काढून देऊ का? तर मान फिरवली. या घरातले पुरुष आज सगळे माझ्यावर रुसले आहेत.

२७ जुलै

भीती वाटते. का वाटते ते लिहून बघते.

दुसऱ्या बाईचं म्हणावं तर तो राग असतो, भीती नसते. ही भीती आहे. सकाळी उठले की पहिली तीच येते आणि मग मला कारण शोधावं लागतं. वारा पडला तर वाटतं, आज ते खोल जातील. वारा सुटला तर वाटतं, नाव फुटेल. समोरच्या ग्रीक बेटांच्या हद्दीत शिरलं की गस्तीवाले गोळ्या झाडतात असं धक्क्यावर बोलतात. तिकडची फळं मोठी. सगळे शिरतात.

आणि आज पाहिलं तर गेल्या तीन नोंदींत मी वहीतही तो शब्द टाळला आहे. 'पोटभर खाणार' असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं! आता या वाक्याचा शेवट लिहितानाही डाव्या हाताने कानाची पाळी धरली आहे. सासूबाईंना हसणारी मी.

४ ऑगस्ट

सगळं नीट क्रमाने लिहिते.

दुपारी आम्ही दोघी ओट्यावर घेवड्याच्या शेंगा सोलत होतो. दुर्मुशची होडी समोरून निघाली होती. तो स्पंजच्या नावांना पाणी, पाव, तेल पोचवतो. वारा उलटा होता, त्याला धक्क्याला लागता येईना. तो उभा राहिला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि आमच्या घराकडे बघून ओरडला. वाऱ्यात एवढंच आलं:

"काद्री... कुर्शून येदी!"

कुर्शून म्हणजे शिसं. आणि शिशाचीच बंदुकीची गोळीही. काद्रीने गोळी खाल्ली.

होडी टोकाला वळून दिसेनाशी झाली. सासूबाईंच्या मांडीवरून भांडं घरंगळलं. त्या ओरडल्या नाहीत. गुडघ्यांवर मुठी मारत राहिल्या, एका लयीत, आणि म्हणत राहिल्या, "बोलला, तो मोठ्याने बोलला, सगळ्या गावासमोर बोलला." त्यांना गोळीपेक्षा तो शब्द ऐकू आला होता. मुर्वेतताई आली, आणखी बायका आल्या. कोणी म्हणालं गस्तीवाल्यांनी झाडली, कोणी म्हणालं छातीत लागली. छातीत लागली हे त्या बाईला कोणी सांगितलं? मी तशीच अनवाणी टेकडीवरून पलीकडच्या खाडीकडे पळत सुटले. दुर्मुश वाऱ्यात तिथेच नांगर टाकतो.

तो वाळूत बसून कलिंगड कापत होता. मला बघून म्हणाला, "ये, बस, घे एक फोड."

मी त्याची कॉलर धरली. "कुठे लागली? जिवंत आहे का?"

"कोण?"

"काद्री! गोळी!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग कपाळावर हात मारला. "अगं माझ्या आई! गोळी कसली! काद्रीला शिसं हवंय. बुडी मारताना कमरेला बांधायचे शिशाचे गोळे. किती? येदी! सात! काद्रीला शिसं, सात. तुम्हाला 'ला' ऐकू आला नाही का?"

नाही आला. 'ला' वारा घेऊन गेला.

मी वाळूत बसले आणि इतकी हसले की तो घाबरला. मग रडले. मग दोन फोडी कलिंगड खाल्लं, खाल्लं, खाल्लं.

घरी आले तेव्हा अर्धा मोहल्ला ओट्यावर. मी सांगितलं. आणि जो हशा फुटला! मुर्वेतताई भिंतीला टेकली. सासूबाई मला मिठी मारून डोलत होत्या, "सात! माझ्या लेकाला सात हवेत! सात देईन, सत्तर देईन!" त्यांच्या तोंडून सात! त्यांच्या लक्षातही आलं नाही. चहा झाला, कोणीतरी पोगाचा, म्हणजे चीज भरलेले छोटे पाव, आणले.

बाबा हसले नाहीत. सगळ्या गेल्यावर त्यांनी विचारलं, "सात कशाला?"

"कमरेला बांधायला," मी म्हटलं.

"कमरेला त्याच्या आहेत. मीच ओतून दिलेत. वर आणखी सात कशाला? चांगला पाणबुड्या पाय मारत खाली जातो. दगडासारखं खाली जायला जादा शिसं कोणाला लागतं, सांग?"

मी हातातलं ताट खाली ठेवलं.

"आला होता तेव्हा तो छतावर गेला?"

"नाही. मी तीनदा बोलावलं."

"पेला कोणत्या हातातून पडला?"

"उजव्या."

"तुला काय म्हणाला, पाण्यात बरं वाटतं?"

"हो. जमिनीवर अंग ठणकतं म्हणाला."

बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मलाही पाण्यात बरं वाटायचं. शेवटच्या आठवड्यात."

खाली गेलं की पाणी दाबतं, तेव्हा दुखणं थांबतं, असं ते सांगत होते. वर आलं की दुप्पट होतं. मग माणूस बरं वाटावं म्हणून आणखी खाली जातो. छोटा फटका तो आधीच खाऊन बसला आहे, मोठा अजून बाकी आहे.

आणि मी दाच्याच्या बायकांचा विचार करत होते.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं," मी म्हटलं. "मग बोलला का नाहीत?"

"या घरात बोलायचं नसतं ना." मग स्वतःच म्हणाले, "हसतो मी तुझ्या सासूला. पण त्या दिवशी माझीही जीभ उचलली नाही. वाटलं, म्हटलं की खरं होईल."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

दुर्मुश उद्या सकाळी शिसं घेऊन जाणार आहे. मी म्हटलं, मी बरोबर जाते आणि कप्तानला सांगते. बाबा म्हणाले, "समजून जा. एकदा नावेवर ते बोललं गेलं की त्याला कोणताही कप्तान पुन्हा पाण्यात सोडणार नाही. दुसरं काही त्याला येत नाही. तो तुला माफ करणार नाही."

सासूबाई म्हणाल्या, "आणि तू बोललीस म्हणून ते झालं तर? आत्ता नुसतं दुखत असेल. तू बोललीस आणि झालं, तर तूच त्याला भरवलंस."

मला तेच वाटत होतं.

५ ऑगस्ट

सासूबाई बरोबर आल्या. मला अडवायला आल्या हे मला माहीत होतं. अख्खा रस्ता त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. पायाशी सात शिशाचे गोळे होते. दुर्मुशने एकदा विनोद करायचा प्रयत्न केला आणि मग सुकाणूकडे वळला.

नाव एका उंच टोकाच्या आडोशाला उभी होती. रिफ्की कप्तान आम्हाला बघून लांबूनच ओरडला, "बायका? दुर्मुश, डोकं फिरलंय का तुझं? स्पंजच्या नावेला बाई आणतोस?"

काद्री मागच्या बाजूला दोराच्या वेटोळ्यावर बसला होता. अंगात लोकरी बंडी, शेजारी हवेची नळी. पाण्यात जायची तयारी झाली होती. मला बघून तो हसला, पण उठला नाही. नवरा बायकोला बघून उठत नाही, यात जुलैमध्ये मला केवढा अपमान दिसला असता.

होडी नावेला टेकली. मी तोंड उघडलं. सासूबाईंची नखं मनगटात रुतली. मला समोर फक्त तो शब्द दिसत होता, भिंतीसारखा. वाटलं, कच खावी, शिसं द्यावं आणि परत फिरावं. काहीच झालेलं नाही, पोगाचा होत्या, सगळे हसले होते.

"रिफ्की कप्तान," मी म्हटलं, "काद्रीने वुर्गुन खाल्लाय. त्याला खाली सोडू नका."

नावेवरचं सगळं थांबलं. कंप्रेसर तेवढा चालू होता.

काद्री हसत म्हणाला, "हिच्या हातचं सोडून मी आयुष्यात वाईट काही खाल्लेलं नाही." पोरं हसली. कप्तानही हसला, सुटल्यासारखा. "ऐकलंत ना? जा घरी."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या मुलाकडे बघत होत्या. मी पाच महिन्यांची बायको, त्या आई. त्यांनी एकदा हे बघितलेलं होतं. माझं मनगट सुटलं.

"काद्री," त्या म्हणाल्या, "इकडे ये. एवढ्या लांबून आले, मला मिठी मार आणि मग जा खाली."

दोन नावांमध्ये एका पावलाचं अंतर होतं. काद्री डोलकाठी धरून उठला. डावा पाय टाकला. उजवा उचलायला गेला, तो उचलला नाही. फळीवरून घसटत आला आणि अडकला. त्याने खाली पायाकडे बघितलं, दुसऱ्या कोणाचा असावा तसं. मग हळूच परत खाली बसला.

रिफ्की कप्तान गेला, वाकला आणि स्वतःच्या हातांनी त्याच्या कमरेचा पट्टा सोडला. पाणबुड्यांत मोठा म्हणवणारा माझा नवरा लहान मुलासारखा हात वर करून बसला होता. माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही.

परतताना त्याचं डोकं सासूबाईंच्या मांडीवर होतं. किल्ला दिसेपर्यंत त्या एकच म्हणत होत्या, "खाल्लंय माझ्या लेकराने, खाल्लंय, खाल्लंय." इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर पडत होतं. मला त्यांना थांबवावंसं वाटेना.

७ ऑगस्ट

सात तारीख. तशीच लिहिते.

काल सासूबाई आणि त्यांचा भाऊ काद्रीला बसने इझमीरला घेऊन गेले, तिथून इस्तंबूलला. तिथे लोखंडी टाकीत घालून हवेचा दाब देतात, पाण्याखाली असतो तसा, आणि मग दिवसभर थोडा थोडा काढून घेतात. बाबांच्या वेळी असलं काही कोणाला माहीत नव्हतं. बाबा म्हणाले, "म्हणजे समुद्र डब्यात भरलाय." डॉक्टर काय म्हणतील ते कळायचं आहे. आधीच पुष्कळ उशीर झाला आहे, हे मात्र बाबांना डॉक्टरशिवायही कळतं.

मी बाबांसाठी मागे राहिले. मी गेलेलं काद्रीला आवडलंही नसतं.

२३ ऑगस्ट

चौकातल्या चहावाल्याकडे टेलिफोन आला. डावा पाय बरा, उजव्याच्या बोटांना कळायला लागलंय, वरचं अजून नाही. सासूबाई ओरडून ओरडून बोलत होत्या, इस्तंबूल लांब आहे म्हणून. मी विचारलं, तो काही म्हणाला का? त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "औषधं चालू आहेत."

नळावर गेले की बायका जागा देतात. पूर्वी रांगेत ढकलायच्या. हे चांगलं की वाईट ते समजत नाही. रिफ्कीच्या नावेवर काद्रीच्या जागी मिलासचा कोणी घेतला आहे.

मला मन खातं. दोन्ही बाजूंनी खातं. त्याने पेला टाकला तेव्हा बोलले असते तर महिना वाचला असता. आणि कधी वाटतं, मी बोलेपर्यंत तो पाय टाकत होता. मी बोलले आणि पाय उचलला नाही. बाबांना हे सांगितलं. त्यांनी पहिल्यांदाच मला रागावून बघितलं. "तूही सासू व्हायला निघालीस," म्हणाले.

१२ सप्टेंबर

पुन्हा टाकीत घातलं. आता कुबड्यांवर उभा करतात म्हणे. किंवा उभं करण्याचा प्रयत्न करतात. टेलिफोनवर मधलेच शब्द गेले, आणि शब्द गेले की काय होतं ते मी बघितलंय. परत लावा म्हटलं तर लाइन मिळेना.

बाबांच्या शेजारी खिडकीपाशी आणखी एक खुर्ची मावते. मी आज झाडताना त्या जागेकडे बघत होते. मी बघते आहे हे त्यांनी पाहिलं आणि काठीने ती जागा ठोकून म्हणाले, "इथे तू कुंडी ठेव. तुळस लाव."

मी लगेच लावली. पाणी जरा जास्तच घातलं.

३ ऑक्टोबर

बस दुपारच्या नमाजानंतर यायची, ती उशिरा आली. स्पंजच्या नावा परत यायचा हाच हंगाम, त्यामुळे चौकात गर्दी होती. मी गर्दीच्या मागे, वडाएवढ्या त्या चिनाराखाली उभी राहिले. मुर्वेतताई माझ्या हाताला धरून होती.

आधी सासूबाई उतरल्या. त्यांनी मला शोधलं आणि काही खूण केली, पण मला ती कळली नाही. मग त्यांचा भाऊ, गाठोडी, एक कोंबड्यांची टोपली. मग बराच वेळ कोणी नाही. मग काद्री. वाळला आहे, चेहऱ्याचा समुद्राचा रंग गेला आहे. त्याने गर्दीतून मला बरोबर हुडकलं. मी जागची हलले नाही. तो समोर आला, इतका जवळ की त्याच्या श्वासाला औषधाचा वास येत होता.

"तू माझं डोकं खाल्लंस," तो म्हणाला.

डोकं खाणं आमच्याकडे विधवेला म्हणतात, तेही पाठीमागे. हिने नवऱ्याचं डोकं खाल्लं, म्हणजे हिच्यामुळे तो संपला. त्याहून वाईट काही बाईला म्हणता येत नाही. मुर्वेतताईने माझा हात सोडला. सगळा चौक ऐकत होता. मला ते माझ्या नवऱ्याने तोंडावर म्हटलं. ते म्हणायला तो बसच्या पायऱ्या एकेक करून उतरला होता, काठी आतच विसरला होता आणि अख्खा चौक ओलांडून माझ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत आला होता.